जठराचं नवं तोंड

वजन कमी करण्याचं ऑपरेशन नागपूरला होतं, पुण्याला होतं, मुंबईला होतं. उलटी मात्र अकोटला होते, दर्यापूरला होते, मूर्तिजापूरला होते. रात्री दहा वाजता पेशंटच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नाही, तेव्हा ऑपरेशन करणारा सर्जन विदर्भ एक्स्प्रेसच्या एका रात्रीइतका लांब असतो. समोर जो डॉक्टर असतो, त्याने हे ऑपरेशन बहुधा कधी पाहिलेलं नसतं. तो आपल्या परीने प्रामाणिकपणे उपचार करतो: उलटीचं इंजेक्शन, ॲसिडिटीची गोळी, ग्लुकोजची सलाईन. यातली शेवटची गोष्ट अशा पेशंटला आयुष्यभराचं अपंगत्व देऊ शकते, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. हे पुस्तक मराठीत असावं आणि पुण्या-मुंबईच्या आधी ते अमरावती-अकोल्यात वाचलं जावं, असं मला वाटतं ते यासाठी.

विषय दिसायला फार लहान आहे, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचा. मोठ्या माणसाचं जठर भरपेट जेवणानंतर लिटर-दीड लिटरपर्यंत ताणतं. गॅस्ट्रिक बायपासमध्ये सर्जन त्याच्या वरच्या टोकाशी १५ ते ३० मिलिलिटरची एक पिशवी वेगळी करतो. मग लहान आतडं तोडून त्याचं खालचं टोक वर आणतो आणि या पिशवीला जोडतो. उरलेलं मोठं जठर पोटातच राहतं, पण त्यात अन्न जात नाही. त्याचा रस आणि यकृताचं पित्त आतड्याच्या दुसऱ्या फाट्याने खाली उतरतं आणि अन्नाला मीटर-दीड मीटर पुढे गेल्यावर भेटतं. वरची पिशवी आणि वर आणलेलं आतडं यांच्यामध्ये जे भोक ठेवलेलं असतं, ते करंगळीच्या टोकाएवढं असतं. तेच जठराचं नवं तोंड.

निसर्गाने जठराच्या खालच्या टोकाशी स्नायूंची झडप दिली आहे. ती अन्न पातळ होईपर्यंत मिटलेली राहते आणि मग थोडं थोडं पुढे सोडते. नव्या तोंडाला असा स्नायू नाही. ते टाक्यांनी किंवा स्टेपलरच्या पिनांनी शिवलेलं असतं आणि कुठलीही जखम भरते तसंच व्रण धरून भरतं. व्रण आक्रसतो. रक्तपुरवठा थोडा कमी पडला, जोडावर ताण आला, तिथे जखम चिघळली, तर तो जास्त आक्रसतो आणि दीड सेंटिमीटरचं तोंड पाच-सहा मिलिमीटरवर येतं. काहींच्या तोंडाच्या काठावर अल्सर होतो. काहींच्या तोंडात घास किंवा चोथा अडकून बसतो. आणि काहींचं तोंड वर्षानुवर्षं ताणत जाऊन इतकं सैल होतं की पिशवीत काही थांबतच नाही.

वजनाची सगळी ऑपरेशनं एक नसतात, हे पेशंटलाही ठाऊक असायला हवं. आपल्या देशात सर्वाधिक होणाऱ्या स्लीव्हमध्ये जठराचा मोठा भाग कापून नळी उरवतात. तिथे नवं तोंड नसतं, पण नळी मधल्या वळणाशी अरुंद होऊ शकते. मिनी बायपासमध्ये तोंड बरंच मोठं ठेवतात, म्हणून ते क्वचित आवळतं. तिथली मुख्य तक्रार पित्त वर येण्याची. आपल्याकडे घोटाळा असा होतो की ‘बायपास झालंय’ म्हटलं की गावातला माणूसच काय, डॉक्टरही आधी छातीवर टाक्यांची खूण शोधतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनच्या खुणा पोटावर चार-पाच बारीक ठिपक्यांएवढ्या असतात. पेशंट बोलण्याच्या स्थितीत नसेल तर त्या नजरेतून सुटतात.

या तोंडाचा इतिहास वजनाशी सुरू होत नाही. तो भुकेशी सुरू होतो. १८८१ च्या जानेवारीत व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी कॅन्सर झालेला जठराचा खालचा भाग काढून टाकण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांचे सहाय्यक अँटन व्योल्फलर यांच्यासमोर असा पेशंट आला की गाठ काढता येणार नव्हती. त्यांनी लहान आतड्याचा वेढा वर घेऊन जठराला जोडला आणि अन्नाला दुसरी वाट करून दिली. ज्या माणसाच्या पोटातून काहीच पुढे जात नव्हतं, त्याला जेवता यावं म्हणून हे तोंड जन्माला आलं. पण जोडलेल्या आतड्यातून पित्त जठरात शिरे आणि पेशंट हिरव्या उलट्यांनी हैराण होत. लोझानचे सेझार रू यांनी १८९० च्या दशकात आतड्याची मांडणी इंग्रजी वाय अक्षरासारखी केली, त्यामुळे पित्त जठरापासून दूर राहू लागलं. आजच्या बायपासमध्ये वापरतात ती हीच मांडणी. १८८१ सालची आणखी एक गोष्ट आहे, ती पुढे येईल.

नंतर ही शस्त्रक्रिया अल्सरसाठी होऊ लागली. आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सातव्या-आठव्या दशकापर्यंत ड्युओडेनल अल्सर हा जिल्ह्याजिल्ह्यातला नेहमीचा आजार होता. ॲसिडची नस कापायची आणि जठराला आतडं जोडायचं, हे जनरल सर्जनचं रोजचं काम होतं. डॉक्टर मंडळी त्या जोडाला ‘जीजे’ म्हणत. जीजे झालेला पेशंट वर्षा-दोन वर्षांनी जोडावर अल्सर घेऊन येतो, त्याला चक्कर-घाम येतो, तो सुकत जातो, संत्र्याचा चोथा अडकून ओकतो, हे सगळं त्या पिढीला वॉर्डातल्या फेरीत शिकायला मिळे. मग ॲसिड कमी करणारी औषधं आली. बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन या ऑस्ट्रेलियातल्या दोघांनी अल्सरमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू असल्याचं दाखवलं आणि २००५ साली त्यांना नोबेल मिळालं. अल्सरची ऑपरेशनं जवळपास बंद पडली. हे चांगलंच झालं. पण जोडाच्या तोंडाविषयीची समजही त्यांच्यासोबत वॉर्डातून निघून गेली.

तोवर तेच तोंड दुसऱ्या दाराने परत आलं होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आलं होतं की अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेल्या बायका लठ्ठ होत नाहीत. त्यावरून त्यांनी १९६६ साली लठ्ठपणासाठी पहिली गॅस्ट्रिक बायपास केली. १९९४ साली दुर्बिणीतून केलेल्या बायपासची माहिती प्रसिद्ध झाली आणि शस्त्रक्रिया जगभर पसरली. म्हणजे वंशावळ सरळ आहे. ज्या जोडाला आपले जुने सर्जन ओळखत होते, त्याचाच हा वारस आहे. फरक एवढाच, की तेव्हा जोड घालणारा आणि जोड सांभाळणारा डॉक्टर एकाच इस्पितळात, एकाच गावात होता.

वऱ्हाडात लठ्ठपणावर बोलणं थोडं अवघड जातं. अमरावती म्हटलं की बाहेरच्यांना मेळघाट आठवतो, धारणी-चिखलदऱ्याची कुपोषित मुलं आठवतात. ती आठवण खरी आहे आणि ती पुसली जाऊ नये. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिलं आहे की आपलं मूल जन्मतःच वजनाने कमी आणि तरी चरबीने जास्त असू शकतं. आईच्या पोटातली उपासमार आणि पुढचा मधुमेह हे एकमेकांचे नातलग आहेत. म्हणून आशियाई लोकांसाठी लठ्ठपणाच्या रेषाही खाली आणल्या गेल्या आहेत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आशियाई माणसाला बीएमआय २७.५ पासूनच शस्त्रक्रियेचा विचार सुचवता येतो. विदर्भात हे ऑपरेशन घराघरात माहीत झालं ते बहुधा २०११ नंतर, नितीन गडकरी यांनी मुंबईत ते करून घेतल्याच्या बातम्या आल्या तेव्हापासून. त्याआधी ते परदेशातलं काहीतरी वाटे.

माहीत झालं, पण मान्य झालं नाही. १९१४ पासून आखाड्याची आणि हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा सांगणाऱ्या अमरावतीत वजन उतरवायला पोट कापून घेणं लोकांना आळशीपणाचं वाटतं, पैसेवाल्यांचं खूळ वाटतं. याची किंमत पेशंट दोनदा मोजतो. ऑपरेशन करून घेताना तो ते लपवतो, कधी जवळच्या नातेवाइकांपासूनही. आणि त्रास सुरू झाला की ‘कोनं सांगतलं होतं कापाले?’ हे ऐकावं लागेल म्हणून तो गप्प राहतो. मी या आजाराकडे जितकं पाहतो तितकं मला वाटतं की आवळलेल्या तोंडापेक्षा हे गप्प राहणं जास्त नुकसान करतं. तोंड रुंद करता येतं. गेलेले तीन आठवडे परत आणता येत नाहीत.

आता प्रत्यक्ष तक्रारीकडे. ऑपरेशननंतर पहिले काही दिवस जोडाला सूज असते, थोडी मळमळ असते, ती ओसरते. वरणाचं पाणी, पातळ ताक, मग मऊ वरण-भात, मग भाकरी कुस्करून, अशा पायऱ्यांनी जेवण वाढत जातं. व्रणामुळे होणारं आवळणं बहुतेकदा महिना ते तीन महिन्यांत दिसतं, म्हणजे नेमकं घट्ट अन्न सुरू होतं तेव्हा. त्यामुळे पेशंट दोष स्वतःला देतो. ज्वारीची भाकरी नीट चावली नसेल, रोडग्याचा मोठा तुकडा गेला असेल, लग्नात घाईने जेवलो म्हणून झालं असेल. तो आपणहून पुन्हा पातळावर येतो, दोन दिवस बरं वाटतं. मग खिचडीही अडकते. मग सूप. ‘घास अटकून राह्यला जी, छातीत दाटून येते’ असं तो सांगतो, तेव्हा तो बोट ठेवतो छातीच्या हाडाच्या खालच्या टोकावर. उलटी आंबट किंवा कडू नसते. न पचलेलं अन्न आणि फेसाळ लाळ येते, आणि ती आली की लगेच हलकं वाटतं.

एक-दोनदा घाईने जेवल्यामुळे झालेली उलटी आणि हे आवळणं, यांत फरक करण्याची खूण सोपी आहे. मागच्या आठवड्यात जे पोटात राहत होतं ते या आठवड्यात राहत नसेल, आणि उतार भाकरीवरून भाताकडे, भातावरून पाण्याकडे असा एकाच दिशेने चालला असेल, तर तोंड आवळत आहे असंच धरून चालावं. पाणीही राहत नसेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

याच काळात एक फार वाईट गोष्ट घडते. पेशंटचं वजन झपाट्याने उतरतं आणि घरचे, शेजारचे, ऑफिसातले त्याचं कौतुक करतात. भाऊबीजेला आलेल्या बहिणीला भाऊ म्हणतो, ‘ताई, ओळखू येत नाहीस!’ ताई त्या दिवशी पुरणाची एक चिमूट खाऊन मोरीत जाऊन ओकलेली असते. वजन उतरणं म्हणजे ऑपरेशन यशस्वी झालं, असं समीकरण तिच्याही मनात बसलेलं असतं. उपासमारीलाच यश समजलं जाण्याचा हा काळ मला या सगळ्या विषयातला सर्वात काळजीचा वाटतो. बाई असेल तर आणखी एक फसगत होते. वजन उतरल्यावर पाळी नियमित होते, दिवस लवकर राहू शकतात. म्हणूनच पहिलं वर्ष-दीड वर्ष गरोदरपण टाळायला सांगतात. दिवस राहिलेच तर तोंड आवळल्याच्या उलट्या डोहाळ्यांच्या खात्यावर जमा होतात.

उपाय मोठा नाही. घशातून दुर्बीण टाकून तोंड पाहतात. जी दुर्बीण साधारण नऊ-साडेनऊ मिलिमीटर जाडीची असते ती पलीकडे जात नसेल, तर निदान तिथेच होतं. मग दुर्बिणीतूनच एक मिटलेला फुगा त्या तोंडात नेऊन बेताने फुगवतात. पहिल्या वेळी दहा-बारा मिलिमीटर, गरज पडली तर एक-दोन आठवड्यांनी पुन्हा, थोडा जास्त. बहुतेकांचं दोन-तीन खेपांत भागतं, पोट पुन्हा उघडावं लागत नाही. घाई केली तर आतडं फाटण्याचा धोका आहे, पण तो थोड्यांनाच होतो. दुर्बिणीची सोय आज अमरावतीत आहे, अकोल्यात आहे. अडचण यंत्राची नाही. पेशंट ॲसिडिटीच्या गोळ्यांवर महिना काढतो आणि दुर्बिणीपर्यंत पोचत नाही, ही अडचण आहे.

काठावरच्या अल्सरविषयी आपल्या भागात दोन गोष्टी उघडपणे बोलायला हव्यात. पहिली, दुखण्याच्या गोळ्या. वर्षानुवर्षं जड अंग वागवलेल्या माणसाचे गुडघे दुखतात, कंबर दुखते. मेडिकलवाला चिठ्ठीशिवाय डायक्लोफिनॅक देतो, आयबुप्रोफेन देतो. जठराचा जाड थर या गोळ्या काही काळ सोसतो. वर आणून जोडलेल्या आतड्याला ॲसिडचीच सवय नसते, त्यात ही भर पडते. बायपास झालेल्याने या गोळ्या कायमच्या सोडायच्या आणि पॅरासिटामॉलवर भागवायचं. दुसरी गोष्ट, तंबाखू. सिगारेट-बिडी आणि जोडावरचा अल्सर यांचा संबंध पक्का आहे. खर्रा चघळणाऱ्याला वाटतं की धूर नाही म्हणजे आपण सुटलो. निकोटीन त्यातही आहे, आणि ते जखमेचा रक्तपुरवठा कमी करतं. ऑपरेशनच्या आधी दोन महिने सोडलेला खर्रा नंतर चौकातल्या टपरीवर परत हातात येतो, हे सर्जनला दिसत नाही, पण गावातल्या डॉक्टरला दिसतं. ते विचारण्याची जबाबदारी त्याची आहे. अल्सरवर औषध आहे आणि ते महिनोन्महिने घ्यावं लागतं. पिशवी लवकर रिकामी होते म्हणून कॅप्सूल न विरघळता पुढे जाऊ शकते. ती उघडून आतली पूड घेतली तर जखम लवकर भरते, असं अभ्यासात दिसलं आहे. भरणारा अल्सरही व्रण सोडतो, आणि तो व्रणही तोंड आवळू शकतो. म्हणून अल्सर झाला होता त्याला वर्षभराने अडकू लागलं तरी दुर्बीण करावी.

आता संत्र्याचं सांगायला हवं, कारण ते खास आपलं आहे. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर हा सगळा पट्टा संत्र्याचा. आंबिया बहार निघाला की घरात टोपल्या भरलेल्या असतात, मृग बहार आला की पुन्हा. दुपारी बांधावर बसून पाच-सहा संत्री सोलून खाणं ही इथे चैन नाही, ते पाहुण्याचं साधं स्वागत आहे. जठराची शस्त्रक्रिया झालेल्यांच्या पोटात संत्र्याच्या चोथ्याचा गोळा होतो, हे जगभरच्या सर्जनांनी जीजेच्या काळापासून नोंदवलं आहे. फोडीवरचा पापुद्रा आणि पांढऱ्या शिरा पोटात विरघळत नाहीत. शाबूत जठर त्यांना घुसळून बारीक करतं आणि ॲसिड त्यांना मऊ करतं. एक-दोन मोठ्या चमच्यांच्या पिशवीत घुसळण नाही, ॲसिडही नावापुरतं. चोथा तोंडाशी येऊन बसतो, त्यावर आणखी चोथा साचतो, किंवा तो पुढे सरकून आतड्यात अडकतो. म्हणून संत्रं बंद करा असं सांगणं माझ्या जिवावर येतं, आणि तशी गरजही नाही. पापुद्रा काढून आतला गर खावा, एका वेळी दोन-चार फोडी, चावून चावून. पहिले काही महिने तेही नको. रसात साखर भरपूर असते आणि तो पिशवीतून झपाट्याने उतरतो, त्याने घाम, धडधड, चक्कर येते, म्हणून रस हा पर्याय नाही. अंबाडीच्या भाजीचे देठ, शेवग्याच्या शेंगेचा चोथा, उसाचं कांडं, उपवासाचा चिकट साबुदाणा, चिवट मटण यांनाही हेच लागू आहे. परदेशी आहारतक्त्यांत ब्रेड आणि स्टेक अडकतो म्हणून लिहिलेलं असतं. आपल्याकडे काय अडकतं हे आपणच लिहायला हवं.

उलटीचा रंग हा रात्री दहा वाजता कुठल्याही यंत्राशिवाय कळणारा धोक्याचा निरोप आहे. बायपासमध्ये पित्त बरंच खाली येऊन मिळतं, म्हणून वरचं तोंड आवळलं तर उलटीत पित्त नसतं. उलटी हिरवी-पिवळी असेल, पोटात कळ येत असेल, पोट फुगलं असेल, तर अडथळा खाली आहे. वजन उतरल्यावर आतड्याच्या पडद्यातली चरबी जाते, तिथे राहिलेल्या फटीत आतडं अडकून पीळ बसू शकतो, आणि हे ऑपरेशननंतर वर्षा-दोन वर्षांनीही होतं. अशा पेशंटला रात्रभर सलाईन लावून सकाळची वाट पाहू नये. सीटी स्कॅन आणि सर्जन जिथे असेल तिथे त्याच रात्री न्यावं.

आणि आता १८८१ ची ती तिसरी गोष्ट. त्या वर्षी कार्ल व्हर्निके यांनी बर्लिनमधल्या तीन पेशंटचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यांतली एक विशीतली शिवणकाम करणारी मुलगी होती. तिने सल्फ्युरिक ॲसिड प्यायलं होतं. त्याने जठराचं खालचं तोंड आवळलं, ती ओकत राहिली, आणि काही आठवड्यांनी तिची नजर, चाल आणि भान बिघडलं. ती वाचली नाही. व्हर्निकेंना तो मेंदूचा दाह वाटला, कारण जीवनसत्त्वांची कल्पनाच तेव्हा नव्हती. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व जावामध्ये १९२६ साली वेगळं काढलं गेलं आणि १९३६ मध्ये प्रयोगशाळेत तयार झालं. मग कळलं की ती मुलगी थायमिनवाचून गेली होती. आज तो विकार दारूड्यांचा म्हणून शिकवला जातो. पण मूळ वर्णनातच आवळलेल्या जठराची आणि न थांबणाऱ्या उलटीची एक पेशंट आहे.

शरीरात थायमिनचा साठा दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. ज्याने महिनाभर नीट खाल्लेलं नाही आणि जे खाल्लं ते ओकलं, त्याचा साठा संपलेलाच असतो. ग्लुकोज जाळायला शरीराला थायमिन लागतं. अशा माणसाच्या शिरेत नुसतं ग्लुकोज सोडलं की उरलंसुरलं थायमिनही खर्ची पडतं आणि मेंदूची इजा काही तासांत उघड होऊ शकते. एकाचे दोन दिसू लागतात, बुबुळं थरथरतात, चाल झिंगलेल्यासारखी होते, माणूस असंबद्ध बोलतो. तिन्ही लक्षणं एकदम दिसणारे थोडेच असतात. बहुतेकांत एखादंच दिसतं. घरचे म्हणतात अशक्तपणा आला, शेजारी म्हणतात घेतली असेल, कुणी अंगारा लावतो. वेळीच थायमिन मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. काही मरतात.

म्हणून वऱ्हाडातल्या प्रत्येक दवाखान्यात, प्राथमिक आरोग्य केंद्रापासून अमरावतीच्या इर्विनपर्यंत आणि अकोल्याच्या सर्वोपचारपर्यंत, हे एक पक्कं व्हावं: वजनाचं ऑपरेशन झालेला पेशंट, कुठलंही ऑपरेशन असो, स्लीव्ह असो की बायपास, वारंवार उलटी घेऊन आला तर आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. तोंडाने घेतलेली गोळी उलटीत जाते, म्हणून इंजेक्शनच. रक्ततपासणीच्या अहवालाची वाट पाहायची नाही. औषध स्वस्त आहे, आणि चुकून गरज नसताना दिलं तरी अपाय जवळपास नाही. ग्लुकोजची बाटली प्रत्येक दवाखान्यात लटकलेली असते, थायमिनची शीशी मात्र मागवावी लागते. ती आधीच मागवून ठेवावी.

उलट बाजूची तक्रार, म्हणजे तोंड सैल होण्याची, मी थोडक्यात सांगतो, कारण तिच्यात जीव जात नाही. काही वर्षांनी तोंड दोन सेंटिमीटरच्या वर गेलं की अन्न पिशवीत थांबत नाही, भूक लवकर लागते, वजन पुन्हा चढतं. तोंडाचा व्यास आणि चढलेलं वजन यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. दुर्बिणीतून टाके घालून तोंड लहान करण्याची पद्धत आता मोठ्या शहरांत होते. पण वजन चढण्याची इतरही कारणं असतात, झोप, गोड चहा, मानसिक ताण, काही औषधं. म्हणून नुसत्या व्यासाकडे बघून पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर जाऊ नये, असं माझं मत आहे. आणि वजन चढलं म्हणून पेशंटने सर्जनकडे जायचं टाळू नये. सैल झालेलं तोंड हा त्याच्या चारित्र्याचा दाखला नाही.

पेशंटसाठी शेवटी एक कागद. त्याच्यावर मराठीत लिहिलेलं असावं: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, कोणत्या सर्जनने केलं, रात्री लागणारा फोन नंबर, दुखण्याच्या कोणत्या गोळ्या चालणार नाहीत, आणि ‘उलटी होत असल्यास ग्लुकोजच्या आधी थायमिन’ ही ओळ मोठ्या अक्षरांत. डिस्चार्ज कार्ड इंग्रजीत असतं आणि कपाटात फायलीत असतं. हा कागद पाकिटात असावा, त्याचा फोटो नवऱ्याच्या, मुलीच्या, भावाच्या मोबाइलमध्ये असावा. या पुस्तकाच्या मागे तसा कोरा नमुना जोडलेला आहे. तो फाडून घ्यावा, म्हणूनच तो तिथे आहे. पुस्तक सावकाश वाचायचं आहे, पण घरात आत्ता कुणी ओकत असेल तर ही प्रस्तावना इथेच सोडून थायमिनचं प्रकरण आधी उघडावं आणि ते डॉक्टरांना दाखवावं.